समोरच्या बाकांची ओळ

१

ही गोष्ट खरी आहे. आईची शपथ घेऊन सांगतो, यातलं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे अगदी सगळं नाही. थोडं मी चहाला बाहेर गेलो होतो तेव्हा घडलं, आणि थोडं महामायावहिनींनी सांगितलं. शिवाय एके ठिकाणी मी पदरचं घातलंय. कुठं, ते शेवटी सांगीन. आईचं म्हणाल तर तिला माझा स्वभाव पक्का ठाऊक होता. माझ्या शपथा तिनं कधीच मनावर घेतल्या नाहीत.

मी अण्णाराव. मूळचा अहमदपूरकडचा, आता नांदेडात असतो आणि जुन्या इमारतींची डागडुजी करतो. सिमेंटवाले पुष्कळ झालेत, चुन्याचं काम करणारे थोडे उरलेत. त्यामुळं मठाची कमान असो, दर्ग्याची भिंत असो, निजामाच्या वेळची कचेरी असो, माणसं विचारत विचारत माझ्याकडं येतात. माझ्याकडं म्हणजे आम्हा दोघांकडं. मी बोलतो आणि सुगत काम करतो.

सुगतची थापी चांगलीच आहे, पण त्याला लोक ओळखतात ते गळ्यासाठी. भीमगीतं गातो. गाणाऱ्यांची स्वतःची पार्टी आहे. त्याचा आवाज माइकवर आला की बायका तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर येतात, आणि हे मी वाढवून सांगत नाही. करपलेली भाकरी खाल्लेला नवरा मला स्वतः भेटलाय.

त्या वर्षी अहमदपूरच्या जयंतीत मोठ्या मंचावर त्याला पहिल्यांदा बोलावणं आलं होतं. आजवर गल्लीतल्या, वस्तीतल्या मंचांवर गायला. हा मंच वेगळा. त्याच्या डोक्यात तेवढंच होतं. चुना मळताना, परांची चढताना, डबा खाताना तो त्या दिवशीचं गाणं घोळवायचा. "अण्णा, आवाज जपाया पायजे," म्हणून त्यानं बर्फाचा गोळासुद्धा सोडला होता, आणि उन्हाळ्यात नांदेडात बर्फाचा गोळा सोडणं म्हणजे काय ते नांदेडकरांनाच विचारा.

त्याच दिवसांत आम्हाला चर्चचं काम आलं.

२

चर्च नांदेडातलंच, रुळांच्या पलीकडलं. नाव सांगत नाही. तिथली मंडळी साधी आहेत, त्यांच्या दारात उगीच बघ्यांची गर्दी नको.

तिथले पाळक रविकिरणसाहेब लातूरहून नव्यानंच आले होते. तरुण माणूस, मोटारसायकलवर फिरणारा. पहिल्या दिवशी म्हणाले, "अण्णाराव, हे आता कॅथेड्रल होणार."

मी वर पाहिलं. म्हटलं, "साहेब, अजून किती उंच न्यायचंय?"

ते हसले. मला तोवर वाटायचं, कॅथेड्रल म्हणजे लई मोठं चर्च. तसं नसतं. ज्या चर्चात बिशपची खुर्ची असते ते कॅथेड्रल. भिंती त्याच, छत तेच. खुर्ची आली की दर्जा बदलतो. आपल्याकडं तहसील कचेरी आली की गावाचा तालुका होतो, तसंच. ईस्टरला ती खुर्ची बसायची होती. त्याआधी छताचं गळणं थांबवायचं, फुगलेला गिलावा खरवडून नवा धरायचा, आणि आतून पांढरं करून द्यायचं, असं काम होतं.

इमारत मात्र चमत्कारिक. बाहेरून पाहिली तर रेल्वेचं इंजिन बैलगाडीला जोडल्यासारखी. त्याचं कारण असं, की इंग्रज लोक चर्च बांधायचे ते पूर्वेकडून, वेदीच्या बाजूनं, आणि पश्चिमेकडं वाढवत न्यायचे. निजामाच्या रेल्वेतल्या कुणा साहेबानं इथं भल्यामोठ्या कॅथेड्रलचा नकाशा काढला. पूर्वेचं टोक नकाशाबरहुकूम उभं राहिलं: टोकदार कमानी, दगडी फासळ्यांचं छत, वेदीमागं तीन उंच खिडक्या आणि त्यांत रंगीत काचा. मग तिकडं लढाई लागली, साहेब गेला तो परत आला नाही. काम जिथवर आलं होतं तिथं एक सपाट विटांची भिंत घालून टाकली, तात्पुरती म्हणून. ती अजून तात्पुरतीच आहे. त्यामुळं मंडळी बसतात तो भाग शाळेच्या वर्गाएवढा, आणि त्यांच्यापुढं गाणाऱ्यांसाठी ठेवलेला भाग एका अख्ख्या कॅथेड्रलचा.

गाणाऱ्यांच्या भागात सागवानी बाक आहेत. ते वेदीकडं तोंड करून नाहीत, एकमेकांकडं तोंड करून आहेत. दक्षिणेच्या भिंतीशी एक बाजू, उत्तरेच्या भिंतीशी दुसरी, मधून वेदीकडं जाणारी फरशीची वाट.

"हे तर आमच्या भजनासारखं झालं," मी म्हटलं. "दोन रांगा समोरासमोर."

"तसंच आहे," पाळकसाहेब म्हणाले. "स्तोत्राची एक ओळ या बाजूनं म्हणायची, पुढची त्या बाजूनं. गाणं सारखं इकडून तिकडं जातं."

वरून सुगत ओरडला, "कोरस हाय मंग ह्यांच्यातबी!"

३

शनिवारी चारला गाण्याचा सराव असायचा. आम्ही परांचीवरून न उतरता काम करत राहिलो, खरवडण्याचा आवाज तेवढा बंद ठेवला.

गाणारी माणसं थोडीच. काही बायका, एक रिटायर झालेला रेल्वेचा माणूस, आणि पायपेटीवर नागम्माबाई. या बाई मूळच्या देगलूरकडच्या, सगळा जन्म नर्स म्हणून गेलेला, चष्म्याला गळ्यात दोरी, आणि बोलण्यात मराठीपेक्षा "अय्यो" जास्त. सगळे दक्षिणेच्या बाकांवर बसले. उत्तरेच्या बाकांवर कुणीच नाही.

त्यांनी पहिली ओळ म्हटली, छान म्हटली, आणि थांबले.

मला वाटलं, पान चुकलं. पण कुणी पान उलटेना. एक ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ सगळे मान थोडी खाली करून बसले, दुसरा बोलत असताना आपण बसतो तसे. मग तिसरी ओळ म्हटली. पुन्हा गप्प. नागम्माबाईंची बोटंही तेवढा वेळ पट्ट्यांवरून उचललेली.

"अण्णा," सुगत माझ्या कानाशी आला, "हे काय करून राहिले?"

"समोर कुणी न्हाई. त्यांची ओळ सोडून देऊन राहिले."

"सोडायची कशी? ओळ खाली पडू देतेत का कुठं?"

त्याचं बरोबर होतं. त्याच्या पार्टीत गायकानं ओळ टाकली की कोरसनं ती उचलायचीच. न उचललेली ओळ म्हणजे गाणाऱ्याचा सरळ अपमान. आमच्या भजनातही तेच. समोरच्या रांगेत माणसं कमी पडली तर या रांगेतली दोघं उठून तिकडं जाऊन बसतात, पण ओळ पडू देत नाहीत. सुगत परांचीवर उकिडवा बसून प्रत्येक गप्प ओळीला असा चुळबुळायचा, जसं कुणी त्याच्या पुढ्यात भरलं ताट उष्टं टाकत होतं.

मला मात्र दुसरंच काही खटकलं. छताच्या फासळ्यांत कबुतरं होती, दिवसभर घुमणारी. गाणं चालू असताना ती घुमत होती. त्या गप्प ओळीत ती ऐकू येत नव्हती. मी स्वतःला समजावलं की आवाज थांबला म्हणजे कानाला तसं वाटतं. नंतर लक्षात आलं, की हे उलटं आहे. आवाज थांबल्यावर कबुतरं जास्त ऐकू यायला पाहिजेत.

४

सराव संपल्यावर मी नागम्माबाईंना गाठलं.

"बाई, समोरची ओळ कोण म्हणतंय?"

"ज्यांची हाय ते."

"कोण ते?"

"अय्यो ठेकेदार, तुम्ही छत बघा की." मग म्हणाल्या, "माझ्या आईच्या टायमापासनं असंच हाय. आपली म्हणायची, त्यांची सोडायची. तिनं कधी इचारलं न्हाई, मीबी न्हाई."

"आणि म्हटली तर?"

"तुमच्या घरी पाहुणा बोलत असला, तर त्याचं वाक्य मधीच तुम्ही म्हणता का?"

"म्हणतो की. म्हणून तर कुणी येईना."

बाई खळखळून हसल्या. मला त्यांचं हसणं आवडलं. काही लपवणाऱ्या माणसाचं ते हसणं नव्हतं. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं.

सोमवारी आम्ही छत खरवडायला घेतलं. दक्षिणेच्या बाकांवर ताडपत्री टाकली आणि उत्तरेची टाकायची राहून गेली. दुपारपर्यंत जुन्या चुन्याची भुकटी सगळीकडं बसली. फरशी पांढरी, व्यासपीठ पांढरं, माझ्या मिशा पांढऱ्या. उत्तरेच्या बाकांची पाठ पांढरी, पुस्तकं ठेवायची फळी पांढरी. बसायची जागा मात्र साफ. सागवान नुसतं चमकत होतं.

मी मजुरांना विचारलं, वॉचमनला विचारलं. कुणी पुसलं नव्हतं. खिडकीच्या फटीतून वारा लागत असेल म्हणून काडी पेटवून बाकाशी धरली. ज्योत सरळ उभी राहिली, बोट भाजेपर्यंत. मग मी विचार करणं सोडून दिलं आणि त्या बाकांवरही ताडपत्री टाकून घेतली.

५

पुढच्या शनिवारी पाळकसाहेब सरावाला स्वतः आले. त्यांच्या मनात एक बेत होता.

"ईस्टरला दोन्ही बाजू भरायच्या," ते म्हणाले. "लातूरहून गाणारी माणसं आणतो. उत्तरेला ती बसतील."

नागम्माबाई पायपेटीवरून वळल्या. "साहेब, नको."

"का नको? खुर्ची बसल्यावर हे कॅथेड्रल. अर्धं स्तोत्र म्हणून कसं चालेल?"

"चाललंय की एवढी वर्षं."

तेवढ्यात वरून सुगत म्हणाला, "साहेब, मी उचलू का आज? चाल बसलीय डोक्यात."

पाळकसाहेब खूश झाले. "या की! बसा समोर. शब्द नाही आले तरी चालेल, नुसता सूर धरा."

"सुगतभाऊ," नागम्माबाई हळूच म्हणाल्या, "उतरू नका."

"बाई, ओळ अशी पडलेली बघवत न्हाई. जीवाला लागतंय."

तो उतरला. नळावर हातपाय धुतले, डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं, आणि उत्तरेच्या मधल्या बाकावरची ताडपत्री जराशी सरकवून बसला. मी परांचीच्या खाली उभा होतो, अगदी समोर.

दक्षिणेच्या बाजूनं पहिली ओळ म्हटली. आणि मग सुगत गायला.

काय गायला म्हणून सांगू! आवाज दगडी फासळ्यांत चढला, तिथून वळून खाली आला. रंगीत काचा थरारल्या. कबुतरं फडफडून उडाली. अर्धवट सोडलेल्या त्या इमारतीला आपण कशासाठी बांधलो गेलो हे एवढ्या वर्षांनी आठवलं, असं वाटलं मला. ओळ संपली, बायकांनी पुढची म्हटली, पुन्हा सुगतनं उचलली. असं स्तोत्र संपेपर्यंत चाललं.

एकच गोष्ट मला तेव्हा उमगली नाही, आणि तीच माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गाताना सुगतची मान उजवीकडं कललेली होती आणि नजर खाली, थोडी बाजूला. शेजारच्याच्या हातातलं पुस्तक आपण वाचतो तशी.

स्तोत्र संपलं तेव्हा कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांचा ताल देणारा हात हवेतच राहिला होता. बायकांतल्या एकीनं पदर तोंडाशी धरलेला. नागम्माबाई पायपेटीचं झाकण बंद करत होत्या, ते त्यांना बंद करता येईना.

सुगत घामानं डबडबलेला, हसत हसत वाट ओलांडून आला. "कसं झालं, अण्णा?"

"लई भारी," मी म्हटलं.

पाळकसाहेबांनी त्याच संध्याकाळी लातूरला फोन करून गाणाऱ्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही.

६

चर्चच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. तिथं सुगत बाकड्यावर मांडी ठोकून बसला आणि समोरच्या बाजूच्या ओळी गुणगुणायला लागला. शब्दांसकट. एका ओळीत झऱ्याचं पाणी होतं, एकीत डोंगर.

"सुगत्या, तू हे कधी वाचलंस?"

"वाचायचं कशाला? पुस्तक व्हतं की."

"तुझ्या हातात पुस्तक नव्हतं."

"माझ्या न्हाई. शेजारच्यानं पुढं धरलं."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. "शेजारी कोण होतं?"

सुगतनं माझ्याकडं पाहिलं, मी चेष्टा करतोय असं वाटून. माझी ख्यातीच तशी. "मी काय तोंडं बघत बसलो व्हतो का? गाणं चालू व्हतं. पण गळे लई सुरेल हायत त्यांच्यातले. आपल्या पार्टीनं झक मारली." आणि त्यानं चहाचा घोट घेतला.

मी पुढं विचारलं नाही. मला वाटलं, उन्हात, उपाशीपोटी, उंचावर काम करणाऱ्या माणसाला असं होतं. परांचीवरून पडलेल्यांपेक्षा परांचीवर भास झालेले मी जास्त पाहिलेत.

७

सुगतची बायको, महामायावहिनी, अंगणवाडीत आहेत. शांत बाई, कामावर कधी यायच्या नाहीत. त्या आठवड्यात त्या आल्या, आणि सुगत वर असताना मला बाजूला घेऊन गेल्या.

"अण्णाभाऊ, ह्यांचं काय बिनसलंय?"

"का, काय झालं?"

"अर्धं बोलतेत. एक वाक्य नीट बोलतेत, दुसऱ्याला नुसतं तोंड हालतंय. तिसरं पुन्हा ऐकू येतंय. मधलं बोलून झालं असंच त्यांना वाटतंय. काल इचारलं, मीठ घालू का वरणात. मला उत्तर दिसलं, भाऊ. ऐकू आलं न्हाई."

"त्याला सांगितलं का?"

"सांगितलं. म्हणले, तुझे कान दाखवून ये." त्या हसायला गेल्या आणि त्यांचे डोळे भरले. "घशाच्या डॉक्टरकडं नेलं. घसा साफ हाय म्हणला. उलटं, असा गळा बघितला न्हाई म्हणला."

मी विहारात पार्टीच्या तालमीला जाऊन बसलो. पेटीवर आनंदराज होता, सुगतचा आतेभाऊ. सुगतनं पहिली ओळ घेतली आणि अंगावर काटा आला. दुसऱ्या ओळीला तोंड उघडलेलं, हात वर गेलेला, भुवया ताणलेल्या, आणि विहारात फक्त पेटी. तिसऱ्या ओळीला पुन्हा तोच आवाज. आनंदराजनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

बाहेर आल्यावर आनंदराज म्हणाला, "मामा, दादाला मंचावर न्यायचं का न्हाई?"

"तो गाईल," मी म्हटलं. काही तरी म्हणावं लागतं.

८

मी नागम्माबाईंकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"मला काय कळतंय, ठेकेदार? मी काय मांत्रिक हाय का? जखम असती तर बांधली असती." मग म्हणाल्या, "त्याला आपल्या बाजूला बसवून बघू. आपली ओळ म्हणू दे, त्यांच्या ओळीला गप्प बसू दे. झालं तर झालं."

सुगतला मी सांगितलं, की बाईंना तुझा आवाज आवडलाय, या शनिवारी त्यांच्या बाकावर बस. तो आनंदानं आला. नागम्माबाईंनी त्याला पायपेटीला लागून बसवलं. महामायावहिनी मागच्या खुर्चीवर, मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून. मी मधल्या वाटेच्या टोकाला उभा राहिलो.

आमच्या बाजूची ओळ आली आणि सुगतचा आवाज उठला. पुरा, भरलेला. पुढची ओळ समोरच्यांची. सगळ्यांबरोबर तोही गप्प. पुन्हा आमची ओळ, पुन्हा आवाज. एकही शब्द गळला नाही. वहिनींनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, सुटलो.

आणि मी समोरच्या बाकांकडं पाहिलं.

ताडपत्री तिथं तशीच होती, वर चुन्याची भुकटी. बाकावर टाकलेली ताडपत्री कशी दिसते हे मला चांगलं ठाऊक आहे. सगळा जन्म त्यात गेलाय. ती ताणलेली असते नाही तर चुरगळलेली. ही बाकाला धरून जागोजाग दबलेली होती. रांगेनं, सारख्या अंतरावर, एकेका माणसाच्या रुंदीची. दबलेल्या जागांभोवती ती वर उचलली गेली होती, गुडघ्यांवरून पांघरूण घेतल्यासारखी. भुकटी त्या खळग्यांत गोळा झाली होती. मी बघत असतानाही थोडी घसरली.

मधल्या बाकावर एक जागा सपाट होती.

मी सुगतकडं वळलो. तोही तिकडंच बघत होता. तोंड बंद, चेहरा हसरा. आणि त्यानं गुडघ्याजवळून हात जरासा वर केला, लग्नाच्या पंगतीत कुणी लांबून बोलावलं की आपण करतो तसा. आलोच. एवढं झालं की आलोच.

ती ताडपत्री मी आणली नाही. चांगली होती, नवी. अजून तिथंच कुठं तरी पडली असेल.

९

ईस्टरला खुर्ची बसली, चर्च कॅथेड्रल झालं, आणि उत्तरेचे बाक रिकामेच राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी जयंती.

अहमदपूरचं मैदान खचाखच. निळे झेंडे, निळे फेटे, पोरं बापाच्या खांद्यावर. मंचामागं आनंदराजनं कोरसला गोळा करून सांगितलं, "दादाची जी ओळ गळंल ती आपण उचलायची. त्याच्याकडं बघायचं न्हाई. लोकांकडं बघून गायचं." कोरसमध्ये चौघं होते, त्यांच्यातल्या एकाचा घसा बसलेला.

सुगतनं पहिली ओळ घेतली आणि मैदान गप्प झालं. दुसऱ्या ओळीला त्याचं तोंड उघडलं, आणि कोरसनं ती अशी अलगद उचलली की लोकांना वाटलं, गाण्याची बांधणीच तशी आहे. टाळ्या पडल्या. तिसरी सुगतची, चौथी कोरसची. दुसऱ्या कडव्यात त्याच्या दोन ओळी सलग गेल्या. तिसऱ्यात त्याची एकच ऐकू आली. शेवटच्या कडव्याला सुगत मंचाच्या पुढच्या कडेला उभा होता, एक हात आभाळाकडं, छाती भरलेली, डोळ्यांतून पाणी, आणि गाणं मागून येत होतं. माइक त्याच्या ओठांशी होता. मी साउंडवाल्याच्या शेजारी बसलो होतो. साउंडवाला कान लावून म्हणाला, "मामा, श्वाससुद्धा येईना."

लोक उभे राहिले. मैदान दणाणलं. एवढ्या टाळ्या त्याला कधीच पडल्या नव्हत्या.

तो खाली आला तो थेट वहिनींकडं. "कसं झालं?" एवढं ऐकू आलं.

वहिनींनी पदरानं त्याचा घाम टिपला. "लई भारी झालं," त्या म्हणाल्या. "लई भारी गायलात तुम्ही."

सुगतचं तोंड हाललं, बराच वेळ हाललं. मग आनंदराजच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "कोरस एवढा मोठा कुठनं आणलास रे? मागं बघितलं तर रांगाच्या रांगा."

आनंदराजनं मागं वळून त्या चौघांकडं पाहिलं. ते वायर गुंडाळत होते.

"आणला, दादा," तो म्हणाला.

१०

सुगत अजून माझ्याबरोबर काम करतो. हात पहिल्यासारखाच आहे. बोलणं दिवसाकाठी एखाददुसरं ऐकू येतं. बाकीचं आम्ही ओठांवरून समजून घेतो, आणि नाही समजलं तरी हसतो. तो खुशीत असतो. दर शनिवारी चारला हातपाय धुऊन जातो आणि समोरच्या बाकावर बसतो. वहिनी दाराशी बसून राहतात. आत बघत नाहीत, नुसत्या बसतात. स्तोत्र संपलं की तो उठून बाहेर येतो. अजून तरी येतो.

आता पदरचं कुठं घातलं ते. त्या शनिवारी सुगत पहिल्यांदा समोर बसून गायला आणि काचा थरारल्या, कबुतरं उडाली, असं मी लिहिलं. ते सगळं मी घातलंय. बाकी एक शब्द बदललेला नाही.

तो गात होता हे खरं. गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, छाती भात्यासारखी, ओठ एकेक शब्द धरून सोडत होते. मी दहा पावलांवर उभा होतो. काही ऐकू येत नव्हतं. आधीच्या शनिवारी ती ओळ जशी गेली होती तशीच गेली, अगदी तशीच, तेवढाच वेळ घेऊन. मला तोवर वाटायचं, ही माणसं ओळ रिकामी सोडतात.

ओळ संपली. सुगतनं श्वास घेतला, आणि त्यानं तळहात उघडून आमच्या बाजूला पुढं केला, गवयी करतात तसा. घ्या, आता तुमची.

आणि आम्ही ती घेतली.